हळदभूमीचे दोन तालुके

दाजी गेल्याचं मला मोबाईलवर कळलं, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मरायच्या आदल्या दिवशी पेटीत टाकलेलं. कोपऱ्यावर नेहमीसारखा हळदीचा पिवळा अंगठा आणि खाली त्या गोल गोल, बाळबोध अक्षरात चार ओळी. ‘श्रावणाचा निकाल. सेनगाव प्रजासत्ताक विजयी, पूर्वेकडचे सर्व ढग तुमच्या ताब्यात. हळदभूमीकडे आता एकच गाव शिल्लक. अभिनंदन. भाऊबीजेला येणे.’ मी आदल्या दिवशीच कुरुंद्याहून राख सावडून परत आलो होतो. दारात उभं राहूनच ते कार्ड वाचलं आणि हसलो. लिहायला बरं वाटत नाही, पण हसलो. सत्तरीचा माणूस रानात हळदीला खत टाकता टाकता कोसळतो, आणि त्याच्या हातचं शेवटचं लिखाण काय, तर ढग कुणाचे झाले!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव माणिकराव, गाव कुरुंदा, शेती चार एकर आणि तीत हळद. बहिणीच्या नवऱ्याला आपल्यात अहो-जाहो करावंच लागतं, म्हणून इथंही करतोय. मनातल्या मनात मी ते कधी केलं नाही. मी सेनगावला मोजणीदार होतो. बत्तीस वर्षं लोकांच्या बांधांवर साखळी ओढली, सख्ख्या भावांना एकमेकांच्या अंगावर जाताना पाहिलं, आणि कुणाच्याही बाजूनं खुंटी वीतभर सरकवली नाही. त्यामुळं असेल, मला भोळ्या माणसांची भयंकर चीड आहे. भोळा माणूस स्वतः तर बुडतोच, वर आपल्याला चांगलं वागायची सक्ती करतो. दाजी या जातीतले शिरोमणी. दहाव्याला एका पुढाऱ्यानं नदीवर भाषण ठोकलं की माणिकराव मोठे दूरदृष्टीचे होते. होते ना! तीनशे वर्षं पुढचं लख्ख दिसायचं त्यांना, पायाखालचं तेवढं दिसत नव्हतं.

ही दूरदृष्टी म्हणजे त्यांचा खेळ. तीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात, हळद विकून झाल्यावर रिकामं बसलेल्या या माणसाच्या डोक्यात तो शिरला आणि मरेपर्यंत निघाला नाही. साल तेवीसशे. मोठाली शहरं समुद्रानं नाहीतर तहानेनं ओस पडलेली, आणि देशाचं भवितव्य आता कुठं ठरणार, तर हिंगोली जिल्ह्यात! जिल्ह्याची पाच राष्ट्रं झालेली. लढाई ढगांसाठी, ढग वळवायची यंत्रं ज्याच्याकडं जास्त, त्याच्याकडं पाऊस, आणि ज्याचा पाऊस त्याचं राज्य. प्रत्येक राष्ट्रप्रमुखानं महिन्याकाठी आपले हुकूम एका पोस्टकार्डावर लिहून कुरुंद्याला धाडायचे. दाजी सगळी कार्डं पुढ्यात घेऊन बसायचे, कोण कुणावर चढला, कुणाचं धरण फुटलं ते ठरवायचे, आणि अमावास्येच्या आत ज्याला त्याला निकालाचं कार्ड टाकायचे. दिवाळीचं कार्ड मात्र सगळ्यात वजनदार. त्यावर पुढच्या अख्ख्या सालाचा बेत लिहायचा, आणि एकदा लिहिला की तो बदलता यायचा नाही.

खेळाडूही त्यांनी शोधून शोधून मिळवले. वारंगा फाट्यावर टायरचं दुकान असलेले रहीमभाई हे वारंगा महासंघाचे अध्यक्ष. जिल्ह्यातले सगळे रस्ते त्यांच्या हाती. कळमनुरीच्या निवृत्त नर्स सुमनबाई, त्यांच्याकडं पैनगंगेचा काठ. हिंगोलीचे गौतम सर कयाधू गणराज्याचे प्रमुख. सरांनी पहिली दोन वर्षं एक सैनिक उभा केला नाही. आधी राज्यघटना, मग फौज, म्हणाले, आणि महिन्याला एक कलम कार्डावर लिहून पाठवत राहिले. सेनगाव माझं. आणि कुरुंदा-वसमतकडची हळदभूमी कुणाची? खुद्द दाजींची. पंचही तेच आणि खेळाडूही तेच. आता मला सांगा, निकाल लिहिणारं पेन ज्याच्या बोटांत आहे तो माणूस कधी हरेल का? दाजी हरले. तीस वर्षं सलग हरत गेले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर इथं अंगणही त्यांचंच होतं.

त्यांचं पहिलं निकालाचं कार्ड आमच्या घरी आलं तेव्हा माझी आई जिवंत होती. दाजी हळदीच्या पोत्यावर कार्ड ठेवून लिहायचे, त्यामुळं बारा महिने बोटं पिवळी आणि कार्डाचा कोपराही. लग्नाच्या पत्राला आपण हळद लावतो, म्हणून आईनं ते डोळ्याला लावलं आणि देवापुढं ठेवलं. “कुणाचं लगीन ठरलं रे? वाच की.” मी वाचलं, ‘हळदभूमीने सेनगावविरुद्ध युद्ध पुकारले आहे.’ आई दिवसभर काळजीत, की लेकीच्या सासरचे काहून चिडले. शेवटी कुरुंद्याला निरोप पाठवून अक्काकडून खुलासा मागवावा लागला. तिकडं दाजींना म्हणे हसू आवरेना. मला आवरत होतं.

पुढं मोबाईल आले, मग त्यात सगळं जग आलं. मी म्हणालो, “दाजी, कार्डांच्या मागं काहून लागून राहिले? ग्रुप करू, पाच मिन्टात निकाल.” ते विडीसुद्धा न ओढणारे, शांत माणूस, पण या एका गोष्टीला हट्टी. म्हणाले, “पाव्हणं, फोनवरचा हुकूम माणूस जेवायच्या आत मोडतो. कार्ड एकदा पेटीत पडलं की पडलं. मंग महिनाभर आपण काय लिवलं ते आठवत बसावं लागतंय.” यात त्यांना मोठं तत्त्वज्ञान सांगितल्यासारखं वाटलं असावं. पेटीत पडलेलं कार्ड परत काढता येत नाही हे सांगायला राष्ट्रप्रमुख कशाला हवा...

आलेली कार्डं ते तारेला लावायचे. तरुण वाचकांनी ती तार पाहिलेली नसेल. एक जाड तार, खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की तारेत टोचायचं. पूर्वी घरोघरी असायची. दाजींची तार ओसरीतल्या खालच्या खुंटीला लटकलेली असायची. म्हणजे बघा, चार राष्ट्रांची युद्धाची गुपितं उघड्या ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी! मी एकदा म्हणालोही, की निदान पेटीत तरी ठेवा. “इथं कोन वाचतंय?” एवढंच त्यांचं उत्तर.

कोण वाचतंय ते आता सांगून टाकतो. मी वाचत होतो. दिवाळीची कार्डं लक्ष्मीपूजनाच्या आत पोचली पाहिजेत हा नियम सगळ्यांना होता. मला एकट्याला सवलत होती, की पाहुणा म्हणून भाऊबीजेला येताना हातानं आणून दिलं तरी चालेल. मी ते कोरंच न्यायचो. ओवाळून झालं, जेवणं झाली की अक्का स्वयंपाकघरात आवराआवर करायची, आणि दाजी दर वर्षी न चुकता उठायचे, “हळदीला पानी देऊन येतो” म्हणून मळ्यात निघून जायचे. सणासुदीला, टळटळीत दुपारी, घरी पाहुणा असताना! असल्या माणसाला काय म्हणावं? त्यांची पाठ वळली की मी तारेशी. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून ही म्हण मी अक्षरशः जगलो आहे, कारण ती तार माझ्या कमरेइतक्या उंचीवर होती. रहीमभाई कुठला रस्ता अडवणार, सुमनबाई काठावर किती यंत्रं लावणार, सगळं वाचायचं, मग पाटावर बसून निवांत आपला बेत लिहायचा. मनाला टोचलं का? खरं सांगू, नाही. उघडं ठेवणाऱ्याची अक्कल काढायची की बघणाऱ्याची नजर, असाच माझा सवाल होता. दाजी परत यायचे, माझं कार्ड घ्यायचे, पिवळा अंगठा उमटवायचे आणि म्हणायचे, “व्वा पाव्हणं, औंदा लई विचार केला तुमी.”

या खेळाआधी मी भाऊबीजेला फारसा जात नसे. सेनगावहून जीपनं हिंगोली, हिंगोलीहून एसटीनं वसमत, तिथून पुढं कुरुंदा. दिवाळीच्या गर्दीत हे कोण करणार? साडी कुणाबरोबर तरी पाठवून मोकळा व्हायचो. खेळ सुरू झाल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. एकदा तापानं फणफणलेला असताना गेलो. अक्का गल्लीत कौतुक सांगायची, “माजा भाऊ एक साल चुकवत न्हाई बाई.” मीही ते कौतुक पेढ्यासारखं घ्यायचो.

दाजींच्या मूर्खपणाचा कळस मी सांगतो. एका साली रहीमभाईंनी बेत केला होता की चैत्रात सगळे रस्ते बंद करून सेनगावला उपाशी मारायचं. मी तो तारेवर वाचला आणि आधीच कोठारं भरून ठेवली. चैत्रात रस्ते बंद झाले, मी मजेत, आणि रहीमभाईंची फौज फाट्यावर उन्हात उभी. मी उलटा हल्ला करून त्यांचा निम्मा महासंघ गिळला. पुढच्या निकालात बघतो तर हळदभूमीनं आपले दोन चांगले तालुके, धरणासकट, वारंगा महासंघाला देऊन टाकलेले. लढाई नाही, तह नाही, काही नाही! त्या दिवाळीला मी त्यांना धारेवर धरलं. “दाजी, राष्ट्र असं चालतं का? दान करायला निघाले का तुमी?” ते कांदा फोडत होते. “द्यावं वाटलं, दिलं,” म्हणाले. पुढं सुमनबाईंना तीन यंत्रं दिली. गौतम सरांना हळदभूमीचा सगळा पश्चिम भाग दिला. दर वर्षी काहीतरी सोडतच गेले, आणि मी दर वर्षी जिंकत गेलो. नातेवाइकांत मी हा किस्सा रंगवून सांगायचो, की आमचे दाजी म्हणजे जगातला एकमेव राजा, ज्याचं राज्य शत्रूनं न घेता संपलं. लोक हसायचे. एकदोनदा दाजींच्या समोरच सांगितला. तेही हसले.

तेराव्याला रहीमभाई आले. मी त्यांना तीस वर्षांत फक्त शत्रू म्हणून ओळखत होतो. समोर पाहिलं तर पांढऱ्या दाढीचा, गुडघे दुखणारा म्हातारा. जेवायला बसले नाहीत. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. “साहेब, हे दोन तालुके वापस करायचे व्हते. भाऊ तो गए, अब किसको दूँ?” मला आधी वाटलं म्हातारपणाचं खूळ आहे. म्हणालो, ठेवा की तुमच्याकडंच. त्यांनी मान हलवली. “नहीं साहेब. लढके लिया होता तो रखता. ये तो भरपाई का माल है.” कसली भरपाई, मी विचारलं. रहीमभाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या वयाची आठवण झाली. मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. दाजींचंच अक्षर. ‘तुमचा दिवाळीचा बेत माझ्या घरात फुटला. चूक तार उघडी ठेवणाऱ्याची, म्हणजे माझी. त्याबदली हळदभूमीचे दोन तालुके घ्यावेत आणि पाहुण्याला यातले काही बोलू नये.’

मी ते तीनदा वाचलं. “सब को आता था साहेब ऐसा कार्ड,” रहीमभाई हळूच म्हणाले, “हर साल. नर्सबाई को, सर को. हम बोले भाऊ को, दिवाली का कार्ड तार पे मत लगाओ. बस हँसते थे.” मग चप्पल घालून ते वारंग्याच्या गाडीसाठी निघून गेले. म्हणजे चार माणसांना माहीत होतं. तीस वर्षं एका पेन्शनर मोजणीदाराला चार माणसं जिंकू देत होती, आणि तो नातेवाइकांत किस्से सांगत फिरत होता.

अक्का मागच्या दारी भांड्यांपाशी बसली होती. मी कार्ड तिच्यापुढं केलं. तिनं ते हातातसुद्धा घेतलं नाही.

“तुला ठावं व्हतं?”

“मला काहून ठावं नसंल? पयल्याच साली कळलं त्यायला. मी म्हणलं, बोला त्याला. तर म्हणले, बोललो की तो येनं बंद करील. वाचू दे. त्या निमतानं येऊन तर राहिला.”

ती पुढं सांगत गेली, राखेनं तांब्या घासत, जशी एरवी गावातल्या लग्नाची हकिगत सांगते तशी. “सणाच्या दिवशी रानात पानी कोन देतं रे? विहिरीवर बसून ऱ्हायचे, तुजं होईस्तोवर. अन् तू यायच्या आदल्या दिशी समदी कार्डं काढून एकाच अंगानं सरळ लावायचे. म्हणायचे, त्याचा चष्मा वाढलाय, उलटी-सुलटी असली की त्याला तकलीफ व्हती.”

मला दाजींचा राग आला. आजही आहे. एवढा चांगुलपणा माणसानं दुसऱ्या माणसावर करू नये. त्यापेक्षा चारचौघांत मुस्कटात मारलेली बरी, तिची निदान परतफेड करता येते. पण हा राग फार वेळ त्यांच्यावर टिकेना, घरी आलेल्या गाईसारखा माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला. अख्खी नोकरी मी ज्या गोष्टीचा ताठा मिरवला, की कुणाची खुंटी सरकवली नाही, तो ताठा घेऊन मी दर भाऊबीजेला सख्ख्या बहिणीच्या ओसरीत वाकत होतो. आणि ते राष्ट्र, ज्याला मी हसलो, ते शत्रूनं घेतलं नव्हतं हे खरंच होतं. ते तालुक्या-तालुक्यानं माझ्या गाडीभाड्यात गेलं होतं. दाजींनी आपला मुलूख देऊन अक्काला दर साल एक भाऊ आणून दिला. तो भाऊ काय लायकीचा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरीही.

निघताना मी ओसरीत आलो. तार रिकामी होती. धूळ बसते म्हणून अक्कानं सगळी कार्डं उतरवून फडक्यात बांधून ठेवली होती. खुंटीला नुसता आकडा आणि खाली लाकडाची चकती. ती दारापर्यंत आली. “औंदा आपल्यात सण न्हाई,” ती म्हणाली. घरात माणूस गेलं की सालभर सण करत नाहीत, ते मला माहीत होतं. मी मान हलवली. मग ती तारेकडं बघत म्हणाली, “आता तितं काई नसतंय. तरी येशील का?”

या प्रश्नाला कुठलाही भाऊ एका शब्दात उत्तर देईल. मी म्हणालो, “बघू, गाड्यांना गर्दी असते.” हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. अक्का “बरं” म्हणाली आणि आत गेली. हिंगोलीपर्यंत एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो, शेजारच्याला वाटावं झोप लागली म्हणून.

सेनगावला आल्यावर आठवडाभर एक कोरं कार्ड टेबलावर पडून होतं. मग लक्षात आलं की गेल्या तीस वर्षांत कुरुंद्याच्या त्या पत्त्यावर मी तीनशेच्या वर कार्डं टाकली, आणि त्यातलं एकही अक्काला नव्हतं. सैन्य हलवायला, यंत्रं लावायला, धरणं फोडायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. तिला लिहायला बसलो तर ‘सौ.’ लिहावं की नाही इथंच हात अडला, आणि तो अडला म्हणून डोळ्यांत पाणी आलं. दाजी गेले त्या दिवशी आलं नव्हतं. शेवटी वर नुसतं ‘अक्का’ लिहिलं. खाली लिहिलं, ‘भाऊबीजेला येतो. ओवाळू नको, गोडधोड करू नको. वाचायला काही ठेवू नको.’ हळद लावली नाही. आपल्यात यंदा चालत नाही, आणि तो अंगठा माझा नव्हे. पेटीत टाकलं, आणि टाकल्यावर दाजींचं ते तत्त्वज्ञान आठवलं. परत काढता येत नाही, हे खरं आहे.

परवा अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, हळद बरी आहे, पाय दुखतात, रहीमभाईंनी कुणाबरोबर तरी मोसंबी पाठवली. मग ठेवता ठेवता म्हणाली, “तुजं कार्ड पोचलं बरं का. तारंला लावलं.” आणि वर म्हणाली, “सरळ लावलंय.”